देवीला वाहिलेलं रान

सिलखेत, १९ गते, जेठ
ती. परुली दीदीस,
हयातचा शि. सा. न.
चीडच्या झाडांखालच्या वाळक्या सुयांतून वणवा आपल्या झऱ्यावरच्या बांजाच्या रानात शिरला. माणसं, गुरं सुखरूप आहेत. पाणी धरून ठेवणारे बांज मात्र कोळसा झाले, तुझं काफळाचं झाडही गेलं. लोक म्हणाले, मेलेली झाडं तोडून वाटून घेऊ. मीच हट्टाने ते रान पाच वर्षं देवीला वाहायला लावलं. आता तिथे कोयता नाही, गुरं नाहीत, पानही तोडायचं नाही. पण बांज फुटलेच नाहीत तर? झरा आटेल, सगळीकडे चीड माजेल आणि बोल मला लागेल. झुपलीला चारा नाही. तुझी भावजय म्हणते, आता म्हैसही देवीलाच वाहा! मी रोज साल खरवडून आत हिरवं आहे का बघतो.
माया आटू देऊ नकोस.
हयात

पाली, ४ गते, असाढ
चि. हयातास अनेक आशीर्वाद.
सुनेकडून लिहून घेतेय. लहानपणी पेरलेले भटाचे दाणे दुसऱ्या दिवशी उकरून मोड बघायचास, म्हातारा झालास तरी तेच! अरे, साल खरवडणं म्हणजे कोयताच की. देवीची माफी माग आणि घरी बस. आमच्याकडे पूर्वी जळालं तेव्हा आधी नेचे आले, मग किलमोडा, हिसालूची काटेरी झुडपं, आणि त्यांच्या आडोशाने बांज बुडातून फुटले. काफळाचं मात्र सांगता येत नाही. झुपलीला इकडे पाठव, आमचं रान शाबूत आहे. चैतात बहिणीची भेट, भिटौली घेऊन येशील तेव्हा बांजाचं एक कोवळं पान आण. डोळ्यांनी बघीन.
जिवाला जप, वेड्या.
तुझी दीदी

सिलखेत, २ गते, चैत
ती. दीदीस शि. सा. न.
तुझं पत्र आल्यापासून रानात पाऊल टाकलं नव्हतं. फार जड गेलं. काल देवीला फुलं वाहायला सगळे गेलो. किलमोडा पिवळा झालाय, बुरांशालाही बुडाशी धुमारे आहेत. आणि दीदी, काळ्या बुंध्यांशी बांजाची गुलाबी पालवी! मी खरवडलेला एक मात्र गेला. चीडची रोपंही वर आलीत, ती उपटताही येत नाहीत, म्हणून काळजी आहेच. काफळाच्या जागी नुसतं गवत आहे.
तुझ्यासाठी पान तोडायला हात गेला, पण मागे घेतला. तेव्हा भिटौलीच्या टोपलीत पुऱ्या असतील, पान नसेल. परतताना तुलाच घेऊन येईन. गुडघे दुखतात असं सांगू नकोस. काफळं खायला तू मला पाठीवर घेऊन तो चढ चढायचीस. आता माझी पाळी. झऱ्याची धार बारीक आहे, पण दोघांच्या ओंजळीपुरती आहे.
झुपलीला थोपट. येतोच.
तुझा हयात