पेटीला तीन अस्तरं

३ फेब्रुवारी, सकाळ.
निर्णय पक्का. शीतगृहाच्या मोटारींसाठी पत्र्याच्या स्विचपेट्या हव्या आहेत. आत वीज अडवणारं अस्तर कसलं लावायचं, ते मी स्वतः ठरवणार. या विषयावर मुळापासून विचार आजवर कोणी केलेलाच नाही. लोक पुस्तकात बघून लावतात. मी पुस्तकं वाचून सोडून दिलेला माणूस.
नमुन्याची पेटी पास झाली की वर्षभराच्या सगळ्या पेट्या आपल्या शेडमधून जाणार. नापास झाली तर (लिहितानाही हसू येतं) मेहुण्याच्या पंख्यांच्या दुकानात नोकरी. हिने तसं कबूल करून घेतलंय. मी लगेच हो म्हटलं. प्रश्नच येत नाही.

५ फेब्रुवारी.
रबर शीट लावली. उत्तम. ही दारातूनच म्हणाली, अहो, शेडमध्ये काही मेलंय का बघा. नव्या रबराला वास असतोच. वास म्हणजे दर्जा.
संध्याकाळी शीट वरून सुटून खाली लोंबायला लागली. गोंदाचा दोष.

८ फेब्रुवारी.
बेकेलाइट. जुन्या काळ्या स्विचांचा असतो तो कडक, खरा माल. भोक पाडताना तडकलं. ड्रिलचा दोष. दुसरं घेतलं, तेही तडकलं. आता दोष कोणाचा हे सांगायला मला वेळ नाही.
मेहुणा डोकावून गेला. भावोजी, तुमची खुर्ची पुसून ठेवलीय, म्हणाला. मी हसलो. उदारपणे.

१० फेब्रुवारी.
फायबरची शीट करवतीने कापली. अप्रतिम. फक्त अंगभर खाज.
रात्री जेवताना हिलाही खाज. माझा शर्ट हिच्या साड्यांबरोबर धुतला गेला म्हणे. शास्त्राला घरच्यांची साथ लागते, असं मी म्हणालो. तिने साथ दिली नाही. ताट उचलून आत गेली.

१२ फेब्रुवारी.
पहाटे सुचलं. निवडायचं कशाला? तिन्ही लावायची! आधी रबर, त्यावर बेकेलाइट, त्यावर फायबर. इतकं सोपं असून कुणाला सुचू नये, याचंच आश्चर्य.

१४ फेब्रुवारी.
तिन्ही अस्तरं बसली. स्विच बसेना. हल्ली स्विच फार मोठे बनवतात.
बाजारातून सगळ्यात लहान स्विच आणला. तो बसला. आता दार लागत नाही. दाराला कुल्ल्याने रेटा दिला. लागलं. मग उघडेना. सुरक्षितता म्हणतात ती हीच. पहारीने उघडून पेटी रंगाऱ्याकडे पाठवली.

१६ फेब्रुवारी.
रंगाऱ्याने पेटी आणून दिली. बाहेरून चकचकीत. पण काय हा हलगर्जीपणा! खाली अर्थिंगच्या बोल्टाभोवती चिकटपट्टी लावून बटणाएवढी जागा कोरी सोडलेली. उघडा पत्रा! पट्टी खरवडून काढली, बोल्ट सोडवला, तिथे रंगाचे चार हात दिले, वाळल्यावर बोल्ट पुन्हा आवळला. नजरेतून काही सुटत नाही, हाच माझा दोष.

१७ फेब्रुवारी.
अंतिम चाचणी. पेटीत वीज सोडली आणि पत्र्यावर पंजा ठेवला. काही नाही! दोन्ही पंजे ठेवले. काही नाही! आनंदाने नाचलो, खरंच.
हिने मेन स्विच आधीच बंद केला होता, हे नंतर कळलं. निष्कर्षावर परिणाम नाही.

१९ फेब्रुवारी, दुपार.
शीतगृहाच्या इंजिनिअर बाई आल्या. बारीक, शांत, हातात मीटर. अस्तराची चाचणी आधी घेतली. काटा जागचा हलला नाही. वीज कुठूनही बाहेर जात नाही. बाई म्हणाल्या, असं अस्तर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. हे वाक्य चौकटीत लावायला हवं.
मग मीटरची एक तार अर्थिंगच्या बोल्टाला, दुसरी पेटीच्या पत्र्याला. मीटर वाजायला हवा होता म्हणे. मुका. बाईंनी किल्लीने बोल्टाखालचा रंग खरवडला. विचारलं, हे कुणी केलं? मी पुढे झालो. अभिमानाने.
बाई म्हणाल्या, काका, आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर करंटला जमिनीत जायला वाट नको? तुम्ही तीच बुजवलीत. आता तो पेटीवरच बसून राहील, कुणीतरी हात लावेपर्यंत.
मी म्हणालो, करंट आत अडकला, हे यशच नाही का?
बाईंनी मीटर पिशवीत ठेवला. मग दार लावून बघायला सांगितलं. मी कुल्ला लावला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एकच शब्द, आणि तो ‘पास’पेक्षा मोठा होता.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ.
हिने भावाला फोन केला. नंतर माझा बरा शर्ट इस्त्री करून दाराच्या मुठीला अडकवून ठेवला. त्याने अजून खाज सुटते.

२४ फेब्रुवारी.
रुजू झालो. पद: तांत्रिक सल्लागार. पद मीच सुचवलं, मेहुणा बरं म्हणाला. सकाळी एका बाईंना टेबलफॅनच्या जाळीत करंट का उतरत नाही, हे समजावलं. मुळापासून. त्या मध्येच निघून समोरच्या दुकानात गेल्या.
मेहुण्याने बाजूला घेऊन सांगितलं, भावोजी, गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही.
दुपारपासून कुणी विचारलं नाही. पंखे पुसले.