थकलेल्या बायांची सहा मिनिटं

बुलढाणा,
मंगळवार, दुपार.

तीर्थरूप उकंडमामांना भाची संजीवनीचा दंडवत, आणि मामींना वेगळा, पूर्ण लांबीचा.

तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होत्या, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तुम्ही रोज चौकापर्यंत चालता आणि तिथे तीन तास बसता. (बसण्याबद्दल डॉक्टर काही बोललेच नव्हते, हे तुमचं म्हणणं कायद्याला धरून आहे.) वांग्यांवर यंदा कीड कमी आहे हे ऐकून बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल. आईचा खोकला गेला. बाबांचा टीव्ही दुरुस्त होऊन आला, त्यामुळे घरातली शांतता गेली. खरं तर हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण आपल्या फोनमध्ये मी 'हॅलो' म्हणते आणि बाकीचं सगळं तुम्ही म्हणता, म्हणून पत्र.

मामा, मी जिंकले. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे इतक्या फजित्या आहेत की वाचता वाचता तुम्हाला वाटेल, पोरगी कामातून गेली. नाही गेली. परवा कॉलेजच्या हॉलमध्ये चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि त्यात बाबाही होते, जे माझ्या बारावीच्या निकालालाही उठले नव्हते.

झालं असं. तुम्हाला माझं काम माहीत आहे, लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग. सात वर्षांत मी अडीचशे नवरदेव घोड्यावर चढवले आणि त्यातले पडलेले तेवढे कापून टाकले. तर इथे जिल्ह्यातल्या पाच फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. लग्नाचे फोटोग्राफर नव्हेत. लोक राबतात कसे, राहतात कसे, ते वर्षानुवर्षं टिपत आलेले. प्रत्येकाची सहा मिनिटांची एक फिल्म करायची: त्याचे फोटो, त्याचा आवाज, थोडं संगीत. हे सगळं जमवणारे ऋत्विक सर पुण्याचे. (वय माझ्याएवढंच, पण फोन पुण्याहून आला की माझ्या तोंडातून 'सर' आपोआप निघतं.) चार फिल्म त्यांनी पुण्यातच करून घेतल्या. पाचवी माझ्याकडे आली, कारण तो फोटोग्राफर पुण्याला जायला तयार नव्हता आणि आपले निगेटिव्ह एकटे पाठवायलाही तयार नव्हता.

तो म्हणजे डोणगावचे सहदेवकाका. वय सत्तर. उभ्या आयुष्यात पोटासाठी पासपोर्ट फोटो काढले आणि सुटीच्या दिवशी सायकलवर कॅमेरा टांगून रानोमाळ हिंडले. विहिरी खोदणारे, जिनिंगमधल्या बाया, मेंढरांमागे जाणारे, सगळे त्यांच्या पेटीत. मी पेटी उघडली आणि तासभर बोललेच नाही. (आई म्हणाली, ही तारीख लिहून ठेवा.)

मग कामाला लागले आणि पहिली फिल्म एका दिवसात संपवली. इथे माझी सात वर्षांची सवय नडली. दोन फोटोंच्या मध्ये माझा हात आपोआप जिकडे जातो, तिकडे गेला. दगड फोडणारी एक बाई बदामाच्या आकारातून बाहेर आली. तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. विहिरीत उतरणारा माणूस पान उलटावं तसा गर्रकन उलटला आणि शेवटी सोनेरी अक्षरांत 'शुभाशीर्वाद' उमटलं. ते मी टाकलंच नव्हतं, माझ्या कॉम्प्युटरला वळणच पडलंय तसं. सहदेवकाकांनी हे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "जेवन कुठं ठेवलं आहे?"

मग ठरवलं की आधी त्यांचा आवाज घ्यावा. कॉलरला माइक लावला आणि विचारलं, काका, हे फोटो तुम्ही का काढले? आता चाळीस वर्षं ज्या माणसाने समोरच्याला स्टुलावर बसवलं, त्याला स्वतःला स्टुलावर बसता येत नाही. प्रश्न विचारला की ते मलाच म्हणत, मान सरळ, खांदे सैल. एकदा तर उठून माझी ओढणी नीट केली. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांची एकूण तीन वाक्यं निघाली, आणि त्यातलं एक शेजारच्या पिठाच्या गिरणीबद्दल होतं. ऋत्विक सरांना कळवलं, तर ते म्हणाले, काही हरकत नाही, मी निवेदन लिहून पाठवतो, आपण चांगल्या आवाजात वाचून घेऊ. आणि बासरी टाकू. (पुण्यात दुःखाला बासरीच लागते की काय कोण जाणे, आपल्याकडे निदान सनई तरी असते.)

निवेदन आलं. त्यात मुख्य फोटो होता पाझर तलावाच्या कामावरचा. तुम्हाला आठवत असेल, रोजगार हमीची ती कामं. नऊ बाया दगडांच्या ढिगावर बसलेल्या, मांडीवर हातोडे, नजर समोर. हा फोटो पूर्वी एका मासिकातही छापून आला होता, 'विसावा' नावाने. ऋत्विक सरांनी त्यावर लिहिलं होतं, 'कष्टाने थकलेले हे हात क्षणभर विसावले आहेत, आणि डोळ्यांत आहे मूक वेदना.' मला ते आवडलं, मामा. खोटं कशाला सांगू? मी बासरीही लावून पाहिली आणि मलाच हुंदका आला.

पण मनात आलं, या बायांपैकी कोणी असेल तर एकदा दाखवावं. काका म्हणाले, एक आहे ना, सिंधू, तीन गल्ल्या सोडून. काकांच्या कॉलरला माइक तसाच लावलेला होता, चालू होता, आणि तो बंद करायचं मी विसरले. (यापुढे कोणी विचारलं तर मी तो जाणूनबुजून चालू ठेवला होता. तुम्ही घरचे म्हणून खरं लिहिलं.)

सिंधूताई सहासष्ट वर्षांच्या. "जय भीम, या," म्हणाल्या, चुलीवरची भाकर उतरवली, गॅसवर कुकर चढवला आणि माझ्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसल्या. मी फिल्म लावली. बासरी वाजली, निवेदन माझ्याच आवाजात सुरू झालं, थकलेले हात, मूक वेदना. सिंधूताईंनी हात वर करून थांबवलं.

"कोन थकलं?"

मी म्हटलं, ताई, तुम्ही. म्हणजे तुम्ही सगळ्या.

"थकलं कोन, ते सांग मले आधी! आम्ही हटून बसेल होतो वं पोरी! दगडाची कपची उडून माह्या पोरीच्या कपाळाले लागली. लेकरं सारी उन्हात मुरमावर पडेल होती. म्हटलं, लेकराइले सावली करून द्या, तवा हातोडा उचलतो. नाही तं नाही. आन् मूक वेदना कायची? सकाळपासून मुकादमाले शिव्या देऊन देऊन गळा बसला होता माहा, म्हनून मूक!"

मी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते. मग जे माझ्या चाळीस मिनिटांना जमलं नव्हतं, ते सिंधूताईंच्या एका वाक्याने झालं. त्या म्हणाल्या, "काऊन रे सहदेव, तुले तं माहीत होतं. तू काऊन नाही सांगितलं कोनाले?" आणि सहदेवकाका बोलायला लागले. एका लग्नाचे फोटो काढायला ते सायकलवर निघाले होते, वाटेत हे दिसलं. एक फोटो बायांचा काढला, आणि दुसऱ्या दिवशी परतताना सावलीचा मांडव उभा राहिलेला पाहिला, तेव्हा रोलमधला राखून ठेवलेला शेवटचा फोटो त्या मांडवाचा: लुगड्यांच्या झोळ्या आणि झोळ्यांतून बाहेर आलेले इवले पाय. (त्या लग्नात नवरीच्या आत्याचा एकही फोटो निघाला नाही. ती आत्या आजही काकांना ओळख देत नाही.) मग दोघं भांडले. मांडव आंब्याच्या झाडाला बांधला होता असं काका म्हणाले, तर ताई म्हणाल्या, लिंबाच्या, माह्यी पोरगी त्याच फांदीले लटकेल होती, मले नको शिकवू. काका म्हणाले, तीन तास बसल्या होत्या. ताई म्हणाल्या, दिवस बुडेपर्यंत. आणि शेवटी काका जे म्हणाले ते मी घरी येऊन दहा वेळा ऐकलं: "कोनी विचारलंच नाही, सिंधू. फोटो पाहिला का सारे अरेरे म्हनत. अरेरे म्हननाऱ्याले काय सांगू?"

बरोबर त्याच क्षणी कुकरची शिटी झाली.

घरी येऊन मी मूळ निगेटिव्ह स्कॅन केलं आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिले. छापलेल्या फोटोत नऊ बायाच आहेत. निगेटिव्हमध्ये डाव्या कडेला मुकादम उभा आहे! डोक्यावर काळी छत्री, एक हात कमरेवर, तोंड उघडं. काकांना फोन करून विचारलं, याला का कापलं? तर म्हणाले, "दिसाले वाईट होता."

आता मला कळलं की ही फिल्म कशी करायची. बासरी गेली, बदाम गेले, पाकळ्या गेल्या. सुरुवातीला पडद्यावर फक्त मांड्या आणि हातोडे, थकल्यासारखे. मग एकेक चेहरा. खाली सिंधूताईंचा आवाज. मग चौकट हळूहळू रुंद होत जाते, होत जाते, आणि कडेला छत्री येते, आणि छत्रीखाली तो. एक फोटो मी पडद्यावर चाळीस सेकंद ठेवला, मामा. लग्नात मी खुद्द नवरीला तीन सेकंद देते. ऋत्विक सरांना पाठवलं, तर फोनवर म्हणाले, प्रेक्षक कंटाळतील, शिवाय बोली जरा रांगडी वाटते, निवेदन राहू दे, हा आवाज मागे हळू ठेव. मला आयुष्यात पहिल्यांदा पुण्याच्या फोनवर 'सर' म्हणायचं सुचलं नाही. म्हटलं, तुम्ही इकडे या आणि एकदा कान लावून ऐका, मग काय कापायचं ते सांगा, आणि तुमचं निवेदन ठेवायचं असेल तर सिंधूताईंसमोर वाचून दाखवा.

आणि ते आले हो! रेल्वेने मलकापूरला उतरले, तिथून एसटीने राजूर घाट चढले आणि घाटाने त्यांना असं काही हलवलं की आमच्या दारात उतरले तेव्हा चेहरा दुधी भोपळ्यासारखा. आईने लिंबू-सरबत पाजलं, अर्धा तास आडवं केलं. मग त्यांनी हेडफोन लावला. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मला वाटलं, घाट पुन्हा वर येतोय. पण त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "माझं निवेदन काढून टाका. एक शब्दही ठेवू नका." मी विचारलं, कुकरची शिटी? तर म्हणाले, "तिला हात लावाल तर याद राखा." माणूस चांगला आहे, मामा. फक्त त्यांना आपला घाट कधी कोणी दाखवला नव्हता.

परवा कार्यक्रम झाला. सिंधूताई फोटोतल्याच चार मैत्रिणींना घेऊन डोणगावाहून काळी-पिवळी जीपने आल्या आणि थेट पहिल्या रांगेत, 'मान्यवर' लिहिलेल्या खुर्च्यांवर बसल्या. त्यांना उठवायला जो कार्यकर्ता गेला, तो त्यांच्यासाठी पाणी आणायला निघून गेला. सगळ्यात शेवटी माझी फिल्म. 'कोन थकलं?' या वाक्याला हॉल हसला. आणि छत्री पडद्यावर शिरली तेव्हा पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून ओरडली, "आला वं बाई, आला पाहा तो!" मग जे काही झालं, ते मी मिक्सिंगमध्येही करू शकले नसते. पाचही जणी पडद्याजवळ गेल्या, आपापल्या चेहऱ्यावर बोट ठेवून नावं सांगायला लागल्या, आणि ज्या चौघी आता नाहीत त्यांचीही सांगितली. लोक म्हणाले, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवली. त्या नादात अध्यक्षांचं भाषण राहून गेलं, याबद्दल अनेकांनी माझे वेगळे आभार मानले.

काकांना मंचावर बोलावलं, तर ते जाऊन बायांमध्येच बसले. माइक सिंधूताईंनी घेतला. एवढंच म्हणाल्या, "फोटो चांगला आहे. पन आम्ही त्याच्याहून चांगल्या होतो." तेव्हा हॉल उभा राहिला. मी मागे कॉम्प्युटरपाशी होते. रडले. बासरी नव्हती तरी रडले.

ऋत्विक सरांनी पुढच्या चार फिल्म मलाच सांगितल्या आहेत. हे आता तुम्ही चौकात सांगितलं तरी चालेल. तिथले तीन तास कारणी लागतील.

मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमची,
संजीवनी

ता. क. कलिंगडाच्या बिया आईला पाठवायच्या राहिल्यात, असं तिने तीनदा आठवण करून दिलं. हे पत्र तिच्या बियांसाठी लिहिलेलं नाही, पण पाठवा.

ता. क. २. पुढची फिल्म तुमच्या वडनेरलाच दाखवायची आहे, येत्या रविवारी, शाळेच्या पटांगणात, सगळ्या गावासमोर. विषय पूर्णेचा पूर. काकांची बहीण नांदुऱ्याला दिलेली, तिच्याकडे आले असताना त्यांनी ते फोटो काढले. तुम्ही दर दिवाळीला सांगता ना, की त्या पुरात भर धारेतून तुम्ही एकटे पोहून पार झालात? मामा, तो क्षण काकांनी टिपला आहे. अगदी स्पष्ट. त्यात तुम्ही आहात, धार आहे आणि तुमच्या पुढे एक म्हैस आहे. पोहते आहे ती म्हैस. तुम्ही तिची शेपटी दोन्ही हातांनी धरली आहे आणि डोळे गच्च मिटले आहेत. फोटो इतका सुंदर आहे की मी तो पन्नास सेकंद ठेवला आहे. ज्याचा फोटो त्याची परवानगी घेतल्याशिवाय मी दाखवत नाही, म्हणून सोबत एक कागद जोडला आहे. सही करून शुक्रवारच्या आत पाठवावा, ही हात जोडून विनंती.

ता. क. ३. मामींना काल फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "दाखव वं बाई. लग्नापासून मी हेच म्हनून राह्यली, कोनी आयकत नव्हतं."