अण्णांचं मीठ

चंपू,

तुझ्या अण्णांना सकाळी बाजारात पोलिसांनी धरलं. मी चौकीवर जाते. पोरांना सांग, बाबा निपाणीला गेलेत.

आइस्क्रीम मात्र आजच कर. दूध आटवून ठेवलंय, आमरस फडताळात आहे, बर्फ न्हाणीत लाकडाच्या भुशात गुंडाळलाय. संच्यात बर्फावर घालायला दुकानातलं मीठ आणू नको. देवघरात समईच्या मागं गाठोडं आहे, अण्णांनी शिरोड्याच्या सत्याग्रहातून आणलेलं मीठ. ते सगळंच्या सगळं घाल. आज घराची झडती होणार म्हणतात. परसात ओतलंस तर शेजारी बघतील, संच्यात घातलंस तर कुणी काही विचारणार नाही. बाळू आणि कुसुम आळीपाळीनं दांडा फिरवतील. डब्याच्या झाकणावर फडकं घट्ट आवळ, नाहीतर खारट पाणी आत शिरेल आणि पोरं रडतील. बर्फ विरघळला की पाणी मोरीत सोड.

एवढ्या लांबून खांद्यावर आणलं होतं त्यांनी. सुटून आले की मीच सांगेन त्यांना.

मामंजी कचेरीतून आले की संतापतील. तीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लं आपण, हे पुन्हा ऐकवतील. ऐकून घे गं, उलट बोलू नको. ही चिठ्ठी वाचून लगेच बंबात घाल.

गाठोड्यातलं मूठभर मी चुलीजवळच्या बरणीत काढून ठेवलंय. रात्री मामंजींच्या पानात तेच वाढ.

विनूवहिनी