मागून आलेल्याची जागा

मी, खाली सही करणार, धंद्याने फोटोंना फ्रेम करणारा, वय बहात्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मत्सर हा कायद्याने दबाव ठरत असेल तर तो आहे, आणि लग्नाच्या दिवसापासून आहे. वकील हे वाक्य काढा म्हणाले. मी ठेवलं.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात पत्नीची. त्यावर इतर कोणी हक्क सांगू नये. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर एक मूल होतं आणि एक फोटो होता. मुलाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

२. ते मूल म्हणजे माझी लेक. दुकान, कोपरे कापायचं यंत्र, काच कापायची हिरकणी आणि सगळ्या लाकडी पट्ट्या तिच्या. येणारे-जाणारे म्हणतात, नाक अगदी बापावर गेलंय. असेल. पण तिने जोडलेल्या कोपऱ्यात नख शिरत नाही, आणि हे काही नाकातून येत नाही, ते माझ्याकडून आलेलं आहे. याची नोंद व्हावी.

३. आता त्या फोटोबद्दल. फोटो मास्तरांचा, म्हणजे पत्नीच्या पहिल्या यजमानांचा. ते शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी त्यांना पाहिलं ते गेल्यावर, तेही माझ्याच दुकानाच्या टेबलावर. ती फोटो घेऊन आली, “साधीच फ्रेम करा” म्हणाली, आणि माझं चित्त काही ठिकाणावर राहिलं नाही. साधी कसली करतोय! शिसवीची पट्टी काढली, फोटो पिवळा पडू न देणारा पुठ्ठा घातला, ऊन अडवणारी महागातली काच बसवली. एवढं चांगलं काम मी पुन्हा केलं नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. माझे केस गेले, दात गेले, आणि मास्तर आहेत तसे चौतिशीतले, काळ्याभोर केसांचा भांग पाडलेले. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करू नये. तो घोरत नाही, भाजीला नावं ठेवत नाही, आणि त्याचं चुकलेलं कोणाला आठवत नाही.

४. मास्तरांचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश लेकीला द्यावा. त्यातला एक शब्द मात्र माझ्या नावावर राहील. त्याचं असं झालं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी सुचवलं की फोटो बाहेरच्या खोलीतून काढून मधल्या बोळात लावू. पत्नी हसली. “हे अगदी प्रिपॉस्टरस आहे,” म्हणाली, आणि हे म्हणताना तिने माझ्याकडे नाही, फोटोकडे पाहिलं. शब्द मास्तरांचा, विनोद त्या दोघांचा, आणि मी आपल्याच घरात पाहुणा. ती बाजारात गेल्यावर मी कोश काढला. एका बोटाने ओळ धरून वाचलं. अर्थ दिला होता : तर्काला सोडून असलेलं, हास्यास्पद. एवढ्यावर कोश मिटणार होतो, पण खाली शब्दाचं मूळ होतं. लॅटिनचे दोन तुकडे. एकाचा अर्थ पुढे, दुसऱ्याचा मागून येणारा. म्हणजे जे मागे असायला हवं ते पुढे आणून ठेवलेलं. चार-पाचशे वर्षांपूर्वी शब्द इंग्रजीत आला तेव्हा हा अर्थही चालायचा, आपल्या ‘आधी कळस, मग पाया’सारखा. हळूहळू क्रमाची गोष्ट लोक विसरले, नुसता मूर्खपणा उरला.

मी कोश मिटला. मागून येणारा म्हणजे मीच की. आणि पुढे जावं एवढंच माझं मागणं. माझ्या मनातल्या गोष्टीला इंग्रजीत तयार शब्द होता आणि तोही मास्तरांच्याच तोंडचा निघाला. याचा मला फार राग आला.

५. आमच्या धंद्यात लोकांची एक काटकसर चालते. नवा फोटो लावायचा तर जुना काढत नाहीत. त्याच फ्रेममध्ये, त्याच्यावरच नवा बसवतात. दुरुस्तीला आलेली फ्रेम उघडावी तर नातवाच्या मागून आजोबा निघतात. त्याप्रमाणे माझ्या पश्चात माझा निळ्या सदऱ्यातला फोटो मास्तरांच्या फ्रेममध्ये, मास्तरांच्या पुढे बसवावा. त्यांना फेकू नये, मागे राहू द्यावं. मग पत्नीने तो शब्द खुशाल वापरावा.

६. पाचवं कलम रद्द. वकील म्हणतात, पान बदला. मी बदलणार नाही. एवढ्या वर्षांचा जळफळाट आहे, तो दिसू द्यावा.

कारण असं. आज दुकान बंद. माप घ्यावं म्हणून मी फ्रेम खाली काढली. पत्नी मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. फ्रेमच्या पाठीवरची कागदी पट्टी मी चिकटवलेली नव्हती. माझी पट्टी सरळ असते, ही नागमोडी आणि डिंकाने बरबटलेली. सोडवली. आधी मास्तर निघाले. मास्तरांच्या मागून मी निघालो. दुकानाच्या दारात उभा असलेला, लग्नाच्या वर्षीचा. तो फोटो हरवला अशी माझी समजूत होती.

कोणी ठेवला, असं विचारलं. मशीन न थांबवता ती म्हणाली, “मीच. लग्नाला वर्ष व्हायच्या आत.”

“मास्तरांच्या मागे?”

तेव्हा तिने मशीन थांबवलं. “एका नवऱ्याला हार घालून पुढे लावून झालं होतं. पुन्हा ती वेळ येऊ नये, म्हणून तुम्हाला मागे ठेवलं.”

मी म्हणालो, असं केल्याने माणूस मरायचा थांबतो का?

“नाही थांबत. प्रिपॉस्टरस आहे,” ती म्हणाली. या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं.

मी दोघांना होतं तसंच आत बसवलं, पट्टी सरळ चिकटवली आणि फ्रेम जागेवर टांगली.

७. माझ्या पश्चात पुढे कोण आणि मागे कोण, हे पत्नीने ठरवावं. तिने काहीही ठरवलं तरी माझी हरकत नाही. फक्त यदाकदाचित तिसरा कोणी आलाच, तर त्याने आपली फ्रेम दुसऱ्या दुकानातून, साध्या काचेची करून घ्यावी.

ठिकाण : दुकानामागची खोली
तारीख : आजची, सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा दिवस
सही : फ्रेमवाला

आमच्यासमोर सही केली :
साक्षीदार १ : शेजारचा चावीवाला
साक्षीदार २ : वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई. गृहस्थांची शुद्ध शाबूत आहे. मत्सरही.