अण्णांनी फोनवर न सांगितलेला ओटीपी

येरमाळा, २७ जुलै, रविवार

भरलं! इन्कम टॅक्सचं रिटर्न मी माझ्या हातानं भरलं, तेही फॉर्म सोळा नसताना. सोलापूरच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडल्यापासून तिथल्या साहेबांचा एकच हेका, "आधी येऊन माफी मागा, मग फॉर्म न्या." कशाची माफी? रोजच्या डबल ड्युटीला नाही म्हटल्याची? गेले असते तर सोपं झालं असतं का? झालं असतं. पण गेले नाही. पगाराच्या स्लिपा माझ्याकडं होत्या, कापलेला टॅक्स पोर्टलवर दिसत होता. दोन्ही जुळवलं आणि भरलं.

अडलं ते शेवटी, ओटीपीपाशी. घरात सगळ्यांच्या आधारला अण्णांचाच मोबाईल नंबर, आणि अण्णा रानात. फोन केला, "अण्णा, मेसेजमधला आकडा सांगा."

"न्हाय सांगत. ओटीपी कुणालाच सांगायचा न्हाय, तूच शिकवलंस."

"अहो, मीच बोलतेय!"

"आवाज कुणीबी काढतंय."

ठेवला फोन! चिडू की हसू? अण्णा सोयाबीनची खुरपणी तशीच टाकून चालत घरी आले, तोवर ओटीपी बाद. दुसरा मागवला. अण्णांनी आधी दार लावलं, चष्मा चढवला आणि एकेक आकडा माझ्या कानात सांगितला. घरात आम्ही दोघंच होतो.

"झालं? आता माफी मागायला जायचं न्हाय ना?"

"नाही, अण्णा."

मग त्यांनी दार सताड उघडलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "आमची पोरगी सरकारला टॅक्स भरती!"