केंद्र बंद केलंस तेव्हा

चि. उन्मेषसाहेब,

आशीर्वाद लिहिणार होते, पण हात उठला नाही.

आमच्या वाडीतलं लसीकरण केंद्र बंद करायला तू गाडीतून आलास. धाकटा भाऊ अधिकारी झाला म्हणून मी गावभर पेढे वाटले होते, त्याची आज लाज वाटते. "यापुढे मोबाइलवर मेसेज येईल, मग लस घ्यायला राजापूरला यायचं," असं तू ऐटीत सांगितलंस. हौसाआजी म्हणाली, "सायबा, हितं रेंज नाय." तू हसलास आणि फोटोसाठी उभा राहिलास.

मेसेज कुणालाच आला नाही. दर्शनाच्या बाळाची लस राहिली आणि गेल्या महिन्यात त्याच्या अंगभर गोवर उठला. तापाने फणफणलेल्या बाळाला मी एसटीने दवाखान्यात नेलं. आता ते बरं आहे.

दर्शना म्हणाली, "बाई, तुमच्या भावाला आमची काय पडलीय?" वाडीत एकाचीही लस बाकी नाही, अशा, केंद्र बंद करण्यासाठी केलेल्या तुझ्या खोट्या कागदावर नर्स म्हणून माझी सही आहे. हे पत्र टाकलं आणि तुझ्या ऑफिसात कुणी उघडलं तर माझीही नोकरी जाईल, म्हणून ते औषधांच्या कपाटातच राहील. तुझी किळस येते रे. पण सही घेताना तू धमकी दिली नव्हतीस, नुसतं "ताई, लवकर" म्हणालास, आणि मी केली.

वासंती