सावरगावचा अबोला

२४ जुलै

डॉक्टर म्हणाले, "जाग आहे. स्वतःची जाणीव किती आहे, ते सांगता येणार नाही."

नागपूरहून पांढुर्ण्यापर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये हेच वाक्य चघळत आलो. शेजारी बायको, सरला; डोळे उघडे, छताकडे. मेंदूत रक्तस्राव झाला त्याला आज पाच आठवडे.

संस्कृतात एम.ए. करताना जागृती, स्वप्न, सुषुप्ती यांवर पंधरा गुणांचा प्रश्न हमखास यायचा. मी तीन पाने लिहिली होती. चौदा मिळाले. परीक्षकाला काही माहीत नव्हते – मला तर नव्हतेच.

२६ जुलै

ती दिवसभर काय करते, ते लिहून ठेवायला डॉक्टरांनी सांगितले आहे. बावीस वर्षे पेपराला गावाच्या बातम्या पाठवल्या, आता घरच्या. "सकाळी आठ – चार चमचे चहा. साडेआठ – कुकरच्या शिट्टीला दचकली." ती वही डॉक्टरांची. ही माझी.

चहा गरम असला की ओठ मागे घेते. म्हणजे चटका कळतो. पण चटका *आपल्याला* बसला, हे कळते का? गोठ्यातल्या गाईलाही चटका कळतो. गाय नंतर 'पंडितजी, फुंकर मारून द्यायला काय झालं?' असे विचारत नाही. सरला विचारायची.

२८ जुलै

गोटमारीच्या बंदोबस्ताची बैठक झाली. बातमी पाठवली. गेल्या वर्षीचीच काढून तारीख बदलली असती तरी चालले असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवायचे, त्यावर झेंडा. अलीकडे आम्ही पांढुर्णेकर, पलीकडे सावरगावकर, आणि मध्ये दिवसभर दगड. दरवर्षी डोकी फुटतात, दरवर्षी बैठक होते.

सरला सावरगावची. लग्नानंतरच्या पहिल्या गोटमारीला सकाळी चहा मागितला, तर ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. बोलेना. माझ्या हातचे पाणीही घेईना. मी घाबरून सासऱ्यांकडे धावलो! ते हसून हसून खाली बसले. संध्याकाळपर्यंत अबोला. दुसऱ्या दिवशी उठल्यावर म्हणाली, "काल मी तुमची नव्हती. सावरगावची होती." तेव्हापासून सव्वीस वर्षे हा नेम चुकला नाही.

यंदा अबोला दोन महिने आधीच सुरू झाला.

३० जुलै

केसरबाई दिवसभर सरलाजवळ असतात. आज म्हणाल्या, "भाऊ, बाईंले जामसावळीले घेऊन चला. तिथं मोठेमोठे उठून बसले."

म्हटले, "केसरबाई, तिथला मारुती स्वतःच आडवा आहे."

"तुमी शिकून शिकून वाया गेले!"

हे तर सरलाचे वाक्य! वळून पाहिले. ती छताकडेच बघत होती.

२ ऑगस्ट

शेजारचे नत्थूजी बघायला आले. ते दारात खोकले आणि सरलाचा डावा हात उठला – डोक्यावर पदर ओढला! मी खुर्चीवरून उडालोच. लगेच डॉक्टरांना फोन.

"सवय असते हो. हातांना लक्षात राहतं."

म्हटले, "डॉक्टरसाहेब, पदर ओढायचा तर कोणी आपल्याला बघतंय हे कळलं पाहिजे. आणि त्यासाठी आधी 'आपण' असलो पाहिजे."

"तुम्ही यावर लेख छान लिहाल," म्हणाले.

५ ऑगस्ट

"पाणी." स्पष्ट म्हणाली. केसरबाईंना. मी बाजारात होतो.

९ ऑगस्ट

संत्रा बागायतदारांच्या बैठकीच्या बातमीसाठी सौंसरला गेलो. दोन कार्यालये फिरलो, चार अधिकाऱ्यांशी बोललो. बसस्टँडवर चहावाला म्हणाला, "काकाजी, शर्ट उल्टा है." सकाळपासून शिवणी बाहेर!

सरला दारातच पकडायची. "तुमाले स्वतःचं काई समजत नाही. मले विचारत जा." सव्वीस वर्षे विचारत गेलो. भूक लागली आहे की नाही, राग आला आहे की ॲसिडिटी, सगळे तीच सांगायची. माझी स्वतःची जाणीव मी तिच्याकडे ठेवायला दिली होती, असे आज चहा पिताना लक्षात आले. आता ती कुठे ठेवली आहे, हे तिलाच माहीत. किंवा नाही.

शर्ट बसस्टँडवर सुलटा केला नाही. कोणासाठी?

१२ ऑगस्ट

काही नाही.

१७ ऑगस्ट

तिसऱ्या चमच्याला "पुरे" म्हणाली. मला! डॉक्टरांच्या वहीत लाल शाईने लिहिले.

मग हाव सुटली. लग्नाचा फोटो आणला. "सरला, ही कोण?" तिने फोटोकडे पाहिले, मग खिडकीकडे. "आणि हा माकडासारखा कोण?" खिडकीच. पाणी, पुरे, आणि परवा केसरबाईंना म्हटलेले नको – तीन शब्द झाले. नाव एकाचेही नाही. तिचे नाही, माझे नाही. घरात दिवा लागला आहे, पण माणूस आत आहे की नाही, ते बाहेरून दिसत नाही. आणि मी महिनाभर पायरीवर बसून हाका मारतो आहे.

पुण्याहून तेजस्विनीचा फोन. "बाबा, तुम्ही कसे आहात?" म्हटले, तुझ्या आईला विचारून सांगतो. पोरगी रडायला लागली. विनोद करायची वेळ चुकली.

२२ ऑगस्ट, पोळा

सरलाचा धाकटा भाऊ गजेंद्र बैल पुजून आला. तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "ताई, उद्या गोटमार हाय. येतं का पाहाले?" तो गेला तेव्हा तिची नजर दारापर्यंत त्याच्यामागे गेली.

संध्याकाळी पुरणपोळी दुधात कुस्करून दिली. माझ्या हातून सगळी खाल्ली. "गोड," म्हणाली. चौथा शब्द! महिन्यातला सर्वांत चांगला दिवस. आज मी पण पोटभर जेवलो.

२३ ऑगस्ट, संध्याकाळी

कालचे सगळे पुसले गेले.

सकाळी नदीवर जायच्या आधी चहा दिला. तिने ओठ घट्ट मिटले. चमचा लावला तर मान भिंतीकडे. "सरला, गोड आहे." काही नाही. वाटले, झोप झाली नसेल. बातमीची घाई होती, निघालो.

दिवसभर नदीवर दगड, धूळ, आरडाओरडा. लक्ष घरात. चारला परत आलो, तर केसरबाई दारात.

"भाऊ, माह्या हातानं जेवल्या. पाणी मागतलं. चांगल्या होत्या. पन आता तुमचा आवाज आला अन् फिरल्या पाहा भिंतीकडं!"

पाणी द्यायला गेलो. हात ढकलला. डाव्या हातात एवढी ताकद आहे हे माहीत नव्हते. मी पलंगाच्या त्या बाजूला गेलो, तर डोळे मिटून घेतले.

म्हणजे मीच पुसला गेलो. बाकी सगळे कळते – भूक, तहान, केसरबाई. मी तेवढा परका. डॉक्टर फोनवर म्हणाले, "असं अचानक व्हायला नको. उद्याच घेऊन या." गाडी सांगितली, सकाळी सातची. तेजस्विनीही निघते आहे. बॅग भरली. तिची पातळे वर ठेवली. सव्वीस वर्षे सोबत राहिलेल्या माणसाला ती ओळखत नाही आणि तो माणूस तिच्या पातळांच्या घड्या घालतो आहे. हा मी कोण, याचे उत्तर आज कुठल्याच शास्त्रात नाही.

बातमी पाठवली. चार ओळी.

२४ ऑगस्ट

पावणेसात. तिला उठवायला गेलो. तोंड माझ्याकडे होते. डोळे उघडे – आणि माझ्यावर.

"पंडितजी." एकेक शब्द ओढून आणत होती. "काल... गोटमार होती ना?"

मी बॅग हातात घेऊन उभा.

"विसरले... तुमी?"

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवून राहिला आहे. वाजवू दे. विसरलो होतो तो मी. ती नाही.